मानधन

फार पूर्वीची गोष्ट. एका रानाचा पुढारी वानर होता. बिबट्या दिसला की वानराने झाडावरून ओरडायचं आणि खाली हरणांनी पळ काढायचा, अशी तिथली रीत होती.

एकदा बिबट्यानेच त्याला गुहेत भाषणाला बोलावलं. विषय होता वनशांती. परतताना वानराच्या हातात मधाचं पोळं होतं.

"हे कशाबद्दल, दादा?" हरिणीने धास्तावून विचारलं.

"मानधन गं! चार शब्द बोललो, त्याचं. म्हणून मी काय विकला गेलो?"

पुढे भाषणं वाढत गेली.

एका संध्याकाळी गवत हललं. पाडसासोबत चरणाऱ्या हरिणीने वर पाहिलं. वानराने बिबट्याला केव्हाच पाहिलं होतं. पण उद्याचं भाषण आठवून तो पानांआड सरकला.

सगळं शांत झाल्यावर हरिणी एकटीच झाडाखाली आली.

"मानधन तुम्ही घेतलंत, दादा," ती म्हणाली, "मान मात्र माझ्या पाडसाची मोडली."