परतीची तार

एकदा एका पिल्लांच्या व्यापाऱ्याला आपल्याच माणसाचा संशय आला. कोंबडीची एक दिवसाची पिल्ले हॅचरीतून उचलायची आणि घाटाखालच्या पोल्ट्र्यांना पोचवायची, हा त्याचा धंदा. जाळीच्या खोक्यांत हजारो पिल्ले एकावर एक रचून ट्रकच्या बंद खोलीत ठेवलेली असतात आणि त्यांचा श्वास छतालगतच्या आठ पंख्यांवर चाललेला असतो. पंखे मंदावले की खालच्या थरातली पिल्ले आधी माना टाकतात. त्या पंधरवड्यात तसे दोनदा घडले होते.

व्यापाऱ्याने निष्कर्ष काढून ठेवला होता. ड्रायव्हर घाटात गाडी लावून झोपतो आणि बॅटरी उतरू नये म्हणून पंखे बंद करतो, असे त्याचे म्हणणे. पुरावा काहीच नव्हता. पण संशय एकदा मनात बसला की पुरावा नसणेही माणसाला पुराव्यासारखेच वाटू लागते. समोरचा पक्का लबाड आहे, म्हणून सापडत नाही, एवढाच अर्थ तो काढतो. व्यापाऱ्याने दोन कॅमेरे आणले, कॅमेऱ्यांना दिसावे म्हणून चार दिवे आणले आणि पंख्यांच्या बटणाला कुणी हात लावला की वाजेल असा भोंगा आणला. गाडीची वीज तयार करणारा जुना अल्टरनेटर एवढा भार कुठून पेलणार? म्हणून एके दिवशी सकाळीच तो ट्रक घेऊन हमरस्त्यावरच्या एका वृद्ध वायरमनच्या गॅरेजात आला. गाडीचे काम पूर्वीही तिथेच होत असे.

"याच्या तिप्पट ताकदीचा अल्टरनेटर बसवा, मिस्त्री," तो म्हणाला. "चार वाजता माल निघायचाय. आज पिल्लं मेली तर उद्यापासून चावी दुसऱ्याच्या हातात."

ड्रायव्हर दाराशी उभा होता. अकरा वर्षे त्याने तीच गाडी चालवली होती. तो म्हणाला, "शेठ, मी दोन्ही वेळा सांगितलं तुम्हाला. घाटात पंखे आपोआप मंद होतात."

"आपोआप काही होत नसतं," व्यापारी म्हणाला आणि त्याने पाठ फिरवली.

वृद्धाने काम आपल्या शिष्याकडे सोपवले. हा शिष्य आयटीआय शिकलेला, सहा वर्षे हाताखाली राबलेला, आणि आपल्या कामाचा अभिमान बाळगणारा होता. प्रत्येक बोल्ट आवळून झाला की त्यावर तो पिवळ्या रंगाचा एक ठिपका देत असे. ठिपका दिसला की ते काम तपासलेले आहे, असे गॅरेजात सगळे समजत. त्याने नवा अल्टरनेटर चढवला, तिथपासून बॅटरीपर्यंत बोटाएवढी जाड तांबडी तार ओढली, कॅमेरे, दिवे, भोंगा सगळे जोडले, इंजिनाला रेस दिली आणि अल्टरनेटरला मीटर लावला. आकडा चोख होता. पंखे असे घोंगावले की बाजूच्या टपरीवरची माणसे वळून पाहू लागली.

"झालं," व्यापारी समाधानाने म्हणाला. "आता गाडीत दोष नाही. यापुढे काही झालं तर याचंच."

तेव्हा वृद्ध पुढे आला. "शेठ, घाई करू नका. रेस न देता, सगळं चालू ठेवून गाडी तासभर उभी राहू द्या. आणि तुळशीराम, तू केबिनमधून खाली ये. शेठजींच्या समोर बस." ड्रायव्हरचे नाव त्या सकाळी प्रथमच कुणी उच्चारले होते.

व्यापाऱ्याचे डोळे बारीक झाले. चालू गाडी तासभर उभी करून काय साधायचे होते? म्हातारा आणि ड्रायव्हर एका गावचे तर नसतील? त्याने तसे विचारलेही. वृद्धाने नाही म्हटले, पण त्याचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर शिष्यालाही गुरूचा संशयच आला. काम चोख झाले होते, मीटर साक्षीला होता. तरी उस्ताद ड्रायव्हरला वाचवायला काहीतरी निमित्त शोधत आहेत, असे त्याच्या मनात येऊन गेले. चहा आला.

अर्धा तास झाला. चाळीस मिनिटे झाली. मग पंख्यांचा आवाज हळूहळू खाली आला आणि पाती डोळ्यांना एकेक मोजता येऊ लागली. व्यापारी ताडकन उठला आणि त्याने प्रथम केबिन गाठली. केबिनमध्ये कुणी नव्हते. बटण चालूच होते. भोंगा गप्प होता. त्याने वळून पाहिले, तर ड्रायव्हर स्टुलावर होता तिथेच होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"मीटरचं एक टोक इंजिनाच्या अंगाला लाव," वृद्ध शिष्याला म्हणाला, "आणि दुसरं बॅटरीच्या काळ्या टोकाला."

"उस्ताद, दोन्हीकडे अर्थिंगच आहे, परतीची वाट. तिथं मोजण्यासारखं काय असणार? शून्य येईल."

"मग शून्य दाखव मला."

मीटरने तीन व्होल्ट दाखवले. शिष्याने टोके घासून पुसून पुन्हा लावली. पुन्हा तीन. वृद्ध वाकला आणि त्याने इंजिनापासून चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत, जाणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीकडे बोट दाखवले. पट्टी इतकी तापली होती की जवळ नेलेला हात आपोआप मागे आला, आणि जळक्या रंगाचा वास येत होता. गेल्या वर्षी आरटीओच्या पासिंगसाठी ट्रक रंगवताना रंगाऱ्याने चासीवर जाड थर दिला होता. पट्टी त्या थरावरच आवळली गेली होती, खालचे लोखंड न खरवडता. वर्षभरात तिथे गंजही चढला होता, आणि वीज त्या रंगा-गंजातून वाट काढत होती. इंजिन गार असताना कशीबशी काढत होती, आणि तापले की अडत होती.

"नवा अल्टरनेटर तिप्पट ताकदीचा आहे," वृद्ध म्हणाला. "पण वीज जितकी जाते, तितकीच तिला परत यावं लागतं. जाणारी तार सगळे जाड करतात, कारण ती तांबडी असते, दिसते. परतीची पट्टी कुणी बघत नाही. तिथं वाट अडली की कितीही मोठं यंत्र बसवा, पंख्याला काही मिळत नाही. शेठ, तुमचंही तसंच झालंय. हुकूम, कॅमेरा, भोंगा, सगळं तुमच्याकडून या माणसाकडे जातं. त्याच्याकडून तुमच्याकडे एकच गोष्ट आली होती, घाटात पंखे मंद होतात. ती दोनदा आली आणि दोन्ही वेळा अडली."

व्यापाऱ्याची नजर अजून फिरतच होती. आता तिला दुसरा कुणी हवा होता. "ही पट्टी लावली कुणी?" त्याने विचारले. "रंगाऱ्यानं?"

रंगारी तिथे नव्हता. हो म्हटले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. शिष्य पट्टीच्या बोल्टकडे पाहत होता. धूळ आणि तेलाखाली, बारीक पण स्पष्ट, एक पिवळा ठिपका होता. सकाळपासून त्याने ड्रायव्हरवर संशय घेतला, मग गुरूवर घेतला. ठिपका दिलेल्या जागेकडे मात्र त्याने वळूनही पाहिले नव्हते.

"मी लावली," तो म्हणाला. "हा ठिपका माझा आहे. रंगकामानंतर गाडी इथं आली तेव्हा रंग न खरवडता मीच आवळली. तुमची पिल्लं माझ्या हातून मेली, शेठ." मग तो ड्रायव्हरकडे वळला. पुढचे शब्द त्याला जड गेले. "तुळशीरामभाऊ, मला माफ करा."

ड्रायव्हरने इंजिनाकडे बोट केले. "पट्टी आधी नीट कर," तो म्हणाला. "चार वाजता माल आहे."

शिष्याने रंग खरवडला, लोखंड पांढरे चमकेपर्यंत घासले, जुन्या पट्टीशेजारी दुसरी जाड पट्टी आवळली. पंखे पुन्हा घोंगावले. आणखी एक तास गाडी उभी राहिली आणि त्यांचा आवाज तसाच राहिला. बोल्टवर ठिपका द्यायला शिष्याने ब्रश उचलला, थांबला, आणि आधी मीटर लावून पाहिला. वृद्धाने ते पाहिले आणि तो हात पुसत आत निघून गेला.

चारला थोडा वेळ होता. व्यापारी ट्रकच्या पायरीशी आला. कॅमेरा केबिनमध्ये होता तसाच होता. एवढ्यात तो काढणारा हा माणूस नव्हता. पण त्याने वर पाहून विचारले, "तुळशीराम, घाटात पंखे नेमके कुठं मंद होत होते रे?"

ड्रायव्हरने इंजिन बंद केले, म्हणजे शेठला नीट ऐकू येईल, आणि तो सांगू लागला.

आपल्यालाही कधी कुणाचा संशय आला, तर त्याच्याकडे जाण्याआधी आपण स्वतः आवळलेला एखादा बोल्ट तपासून पाहायला हरकत नाही.