गोमीचा गुडघा

फार फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा आपल्या तिवरपाड्याच्या खाऱ्या तळ्याची उघाडी, म्हणजे समुद्राचं पाणी आत-बाहेर करणारी लाकडी फळी, गोमी नावाची एक ठेंगणी म्हातारी राखायची. भरतीला फळी उचलायची, तळ्यात ठरल्या जागी उभी राहायची आणि पाणी गुडघ्याला लागलं की फळी पाडायची. तेवढ्या पाण्यात रोहित पक्षी उतरत, किडे-शेवाळ वेचून खात, आणि निवळ पाणी मिठागरात जाई. मीठ कसं, तर पांढरंशुभ्र!

पाटलाला वाटलं, म्हातारी थकली. त्याने काम जोमाला दिलं. जोमा माणूस सोन्यासारखा, पण उंच केवढा! दाराला कपाळ आपटल्याशिवाय घरात शिरायचा नाही. त्यानेही इमानेइतबारे गुडघाभरच पाणी घेतलं. स्वतःच्या गुडघ्याएवढं. आता बोला!

पाणी वीतभर चढलं. रोहितांची चोच चिखलाला पोचेना. ते घिरट्या घालून निघून गेले. शेवाळ माजलं, पाणी नासलं, मीठ काळं पडलं. मिठाशिवाय पोटाला दुसरा आधार नाही. तिसऱ्या वर्षी लोकांनी गाव सोडायला गाठोडी बांधली. कुणी म्हणे देवी कोपली, कुणी म्हणे करणी झाली. गुडघ्याचं मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही.

गाठोडी बघून गोमीने पदर खोचला. ती तडक तळ्यात उतरली, तर पाणी मांडीला! तिने जोमाला शेजारी उभं केलं, त्याचा गुडघा पाहिला, आपला पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. मग पाटलाला म्हणाली, "गाठोडी सोडा. पाणी माझ्या गुडघ्याला येईस्तोवर मी हितून हलनार नाय."

असं म्हणतात, सात ओहोट्या ती पाण्यात उभी राहिली. साचलेलं पाणी बाहेर जावं म्हणून जोमा ओहोटीला फळी उचलायचा, भरतीला पाडायचा. ना मिठाने पाय फुटले, ना खेकड्याने बोट धरलं. एक पाय दुखायचा, म्हणून दुसऱ्यावरच उभी. असं म्हणतात, सातव्या ओहोटीला पाणी तिच्या गुडघ्याला आलं आणि वरून जाणाऱ्या रोहितांना ती आपल्यातलीच वाटली. आधी एक उतरला, मग शंभर, मग सगळं तळंच गुलाबी. जोमा ढसाढसा रडला. गोमी त्याला म्हणाली, मेल्या, रडतोस काय, मला धरून बाहेर काढ.

त्या जागी आता तिच्या गुडघ्याएवढा दगड आहे. दर कार्तिकात गावातली सगळ्यात ठेंगणी बाई तिच्या नावाने नारळ वाढवते आणि फळी उचलते. पाणी दगडाच्या माथ्याला लागलं की फळी पडते. पण पहिला रोहित उतरेपर्यंत मिठागरात कुणी फावड्याला हात लावत नाही. कधी आठ-आठ दिवस सगळे बांधावर मान वर करून बसतात, कुणाला धड जेवण जात नाही. मग तो उतरतो, आणि अख्खं गाव एकदम हुश्श करतं.