मुकीची खडप

कांदळखोलच्या खाडीचे मुख बघायला आलेल्या पाहुण्यांना धक्क्यावरची म्हातारी माणसे आधी हात धरून वळवतात आणि डावीकडे बघायला लावतात. तिथे वाळूचा दांडा समुद्रात शिरला आहे आणि त्याच्या टोकापलीकडे पाण्यात एक काळी खडप, म्हणजे खडकाचा सुळका, उभी आहे. सुकतीला ती पायापासून दिसते, भरतीला कमरेपर्यंत बुडते, उधाणाच्या दिवशी नुसता माथा वर राहतो. तिचे नाव मुकी. पाहुणे मोबाइल रोखतात आणि विचारतात, बाईसारखी दिसते हो, कुणी घडवली? म्हातारे हसतात. त्या पाण्यात छिन्नी घेऊन उभे राहायची कुणाच्या बापाची टाप आहे!

मुकीच्या कमरेला पाणी लागल्याशिवाय होडी आत घ्यायची नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. आता भरती-ओहोटीच्या वेळा मोबाइलवर येतात. तरी होडी हाकणारा तांडेल आधी मुकीकडे बघतो आणि मग, वाटलेच तर, मोबाइलकडे. कारणही तसेच आहे. खाडीच्या मुखाशी पाण्याखाली वाळूचा बांध आडवा पसरला आहे. सुकतीला खाडीचे सगळे पाणी जोराने बाहेर धावते, समोरून समुद्राची लाट आत येते, आणि त्या बांधावर दोघांची गाठ पडते. तिथे सापडलेली होडी पालथी व्हायला वेळ लागत नाही. भरतीला मात्र तेच पाणी होडीला अलगद आत आणून सोडते. सगळे शहाणपण काय ते वाट बघण्यात आहे.

फार मागे ही खडप नव्हती, असे सांगतात. तेव्हा दांड्याच्या टोकावर आवडी उभी राहायची.

आवडी ही धाकू तांडेलाची बायको. तिचा आवाज असा की वारा समोरून असला तरी बांधापलीकडे पोचायचा. बाहेरून येणाऱ्या होडीला फुटणाऱ्या लाटांची नुसती पाठ दिसते, त्या किती उंच फुटताहेत ते कळत नाही. दांड्यावर उभे राहणाऱ्याला कळते. म्हणून होड्या परतायच्या वेळी आवडी टोकावर जाई, पाणी निरखी, आणि बांध निवला की तोंडाशी हात धरून लांबलचक हाक मारी. ती हाक आली की तांडेल नांगर उचलीत. तिची हाक कधी चुकली नाही म्हणे. माणसे पंचांगापेक्षा तिच्यावर भरवसा ठेवीत, आणि तिलाही त्याचा थोडा ताठा होता. का असू नये?

मग एका वर्षी धाकू आजारी पडला. अंगात ताप, छातीत कफ, अन्न जाईना. त्यांचा एकुलता एक मुलगा देवजी लांबच्या मासेमारीला गेला होता. त्याच्या होडीवर वाडीतला रवळू, रवळूचा थोरला भाऊ आणि आणखी एक खलाशी होते. अमावास्येच्या दिवशी दुपारी धाकूचा श्वास वर लागला. तो एकच धोशा लावून बसला.

"माका त्येचा तोंड बघूचा आसा. एकदाच."

आणि नेमकी तेव्हाच बांधापलीकडे देवजीची होडी दिसली. अमावास्येचे उधाण, भरती भरदुपारीच होऊन गेलेली, सुकतीने जोर धरलेला. देवजी शहाणा होता. त्याने शीड उतरवले, नांगर टाकला आणि रात्रीच्या भरतीची वाट बघत थांबला. तांडेलाचा मुलगा, त्याला कुणी शिकवायला नको होते.

आवडी धावत दांड्याच्या टोकाला गेली. पाणी तिला दिसत होते. बांधावर पांढरा फेस उसळत होता, तोही दिसत होता. पण तिच्या कानात नवऱ्याची घरघर होती. रात्रीपर्यंत तो टिकणार नाही, हे तिला कळून चुकले होते. ती आपल्याच मनाला समजावू लागली, की देवजीचा हात चांगला आहे, होडी हलकी आहे, निघेल पार. जन्मभर पाण्याला जसेच्या तसे बघणारी बाई, पण त्या घटकेला तिने ते आपल्याला हवे तसे बघितले. आणि तिने हाक मारली.

बाहेर होडीवर रवळू म्हणाला होता म्हणे, की अजून पाणी नाही, थांबूया. देवजीने त्याला गप्प केले.

"आयेन हाक मारल्यान म्हणजे पाणी आसा."

त्यांनी नांगर उचलला आणि वल्ही मारली. बांधावर पहिल्या लाटेने होडीचे नाक उचलले, दुसरीने ती आडवी केली, तिसरीनंतर होडी दिसली नाही. रवळू तेवढा एका फळीला धरून दांड्याला लागला. देवजी, रवळूचा भाऊ आणि तिसरा खलाशी गेले. आवडी हे सगळे उघड्या डोळ्यांनी बघत होती. बघण्यावाचून तिच्या हातात काहीच उरले नव्हते.

ती घरी आली तेव्हा धाकू जिवंत होता. पावले वाजली तसे त्याने डोळे उघडले.

"इलो?"

आवडी उंबऱ्यातच थांबली. मग म्हणाली, "इलो. पाय धुता हा भायर."

धाकूने समाधानाने डोळे मिटले ते मिटलेच. जगात आवडीने उच्चारलेले हे शेवटचे शब्द, असे सांगतात. तेराव्यानंतर ती दांड्यावर गेली, ओंजळभर समुद्राचे पाणी तोंडाला लावले आणि मनाशी शपथ घेतली, की ही जीभ पुन्हा कुणाला बोलावणार नाही. तेव्हापासून वाडी तिला मुकी म्हणू लागली. काहीजण दुःखाने म्हणत, काहीजण रागाने. रवळू तर ती वाटेत दिसली की तोंड फिरवून जाई. त्याला कोण बोल लावणार? त्याचा पाठीराखा भाऊ तिच्या हाकेने गेला होता.

पण होड्यांचे येणे थांबत नाही. हाक बंद झाली आणि तांडेलांची पंचाईत झाली. तेव्हा एके दिवशी लोकांनी बघितले, की मुकी दांड्याच्या टोकावरून पुढे पाण्यात उतरली आहे आणि बांधातून होड्या जातात त्या वाटेच्या कडेला पाय रोवून उभी आहे. पाणी गुडघ्याला होते. ती हलली नाही. मांडीला आले, हलली नाही. कमरेला लागले तेव्हा बांधावरचा फेस निवला होता आणि बाहेरच्या होड्या आपसूक आत आल्या. मग हा रोजचाच नेम झाला. जिभेवर तिचा विश्वास उरला नव्हता. नुसते उभे राहिले की पाणी स्वतःच आपली खूण सांगते, असे तिच्या मनाने घेतले असावे. भर थंडीतही ती चुकली नाही. होड्या तिच्या शेजारून जात, पण तिला हटकायची कुणाची छाती होत नसे.

अशी वर्षे गेली. मग एका आश्विनात, अष्टमीच्या दिवशी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना पश्चिमेचे आभाळ काळवंडले. वाडीतल्या सगळ्या होड्या बाहेर होत्या. दिवस भांगेचे, म्हणजे भरतीला जीवच नसतो. संध्याकाळची भरती यायची ती रडतखडत, आणि तीही कशीबशी बांध झाकण्यापुरती. होड्या वाऱ्याच्या तोंडाशी धावत आल्या आणि बांधाबाहेर नांगरांवर गचके खात उभ्या राहिल्या. मागे वादळ, पुढे बांध.

मुकी पाण्यात उभी होती. पाणी गुडघ्याच्या जरा वर.

दांड्यावर बायका जमल्या. त्यांत रवळूची बायको तानी होती, कारण रवळू आता स्वतः तांडेल होता आणि त्याची होडी सगळ्यांत मागे होती. तानीने हंबरडाच फोडला.

"आवडे, बोलव गे त्येंका! माझो घोव आसा थय. थयच मरतले सगळे!"

मुकीने मान वळवून तिच्याकडे बघितले आणि आपला तळवा ओठांवर दाबला. तानी दोन्ही हातांचे कर्णे करून स्वतःच हाक मारणार होती. पण ते डोळे बघून तिने हात खाली घेतले. त्या डोळ्यांत काय होते, ते तिने पुढे कुणाला सांगितले नाही. ती वाळूत बसली आणि तिच्यामागे सगळा दांडा गप्प झाला. वारा तेवढा वाजत होता.

पाणी बोटाबोटाने चढले. अखेर ते कमरेला लागले आणि पहिली होडी सुटली. मग दुसरी, मग तिसरी. वाट अरुंद, एका वेळी एकच होडी मावणार. वादळाने समुद्र आत रेटायला सुरुवात केली आणि पाणी मुकीच्या छातीला आले, मग गळ्याला. तिने तेव्हा मागे फिरायला हवे होते. पण तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात वाटेची कड दाखवणारे तिच्यावाचून दुसरे काही नव्हते, आणि रवळूची होडी अजून बाहेर होती. ती तशीच उभी राहिली.

रवळूने तिच्या डोक्याच्या अंदाजाने सुकाणू धरले आणि बांध पार केला. होडी तिला घासूनच गेली. इतकी वर्षे तिच्याशी एक शब्द न बोललेला तो माणूस सुकाणू सोडून उभा राहिला आणि गळा फाटेपर्यंत ओरडला.

"आये, इलंव गे! सगळे इलंव!"

तिने ऐकले की नाही, कुणाला सांगता येत नाही. एक मोठी लाट आली. पोहणारे उतरले, दोर टाकले, पण ती सापडली नाही. मध्यरात्रीच्या सुकतीला पाणी हटले तेव्हा तिच्या जागी ही खडप उभी होती, असे सांगतात.

आजही कांदळखोलची होडी बाहेर थांबलेली असली, तर काठावरून तिला कुणी हाक मारीत नाही, मग आत पोटचा पोर असला तरी. बायका दांड्यावर येतात आणि नुसत्या उभ्या राहतात. होडी मात्र बांध ओलांडून खडपेजवळ आली, की तांडेल इंजिनाचा आवाज कमी करतो आणि होडीवरचे सगळे, नवे खलाशीसुद्धा, तिच्याकडे तोंड करून मोठ्याने सांगतात, "आये, इलंव गे." मग कोण कोण आले त्यांची नावे घेतात, आणि सगळ्यांच्या आधी देवजीचे नाव घेतात.