कोरड्या खड्ड्यांची यादी

सागाच्या एका जंगलात, उन्हाळ्यात आटून जाणाऱ्या नदीच्या काठी, एक खवल्या राहत असे. खवल्या म्हणजे खवल्या मांजर, मुलांनो. नाव मांजराचे, पण अंगावर टणक खवले, आणि स्वभाव इतका भित्रा की जवळ पान पडले तरी हा अंगाचा चेंडू करून बसणार. खणण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कोरड्या नदीच्या वाळूत तो खड्डा खणी आणि खालून पाणी झिरपून वर येई. अशा खड्ड्याला झिरा म्हणतात. सांबरांचा अख्खा कळप बारा उन्हाळे त्याच्या झिऱ्यांवर जगला होता.

त्या वर्षी माघात सांबरांना डोंगरापलीकडे बारमाही तळे सापडले. "तुमचं काम उत्तम होतं हो," असे म्हणून कळप निघून गेला आणि खवल्याची नोकरी गेली. नदीकाठच्या बिळात राहायचे तर नदीवर काम असावे लागे, असा तिथला नियम होता. पळसाची फुले झडेपर्यंत काम मिळाले नाही, तर बीळ सोडून बायको आणि पिल्लासह कातळावर जाणे भाग होते. कातळावर मुंगी नाही की वाळवी नाही. पिल्लू तर अजून आईच्या शेपटीवर बसून फिरत होते. ते तिथे खाईल काय, या काळजीने खवल्याच्या घशाखाली घास उतरेना.

त्या जंगलात हल्ली नोकऱ्या मोबाइलवर मिळत. चार्जिंग कुठे करत असत ते मला विचारू नका. गोष्टीतल्या मोबाइलची बॅटरी संपत नाही. ज्याला काम हवे त्याने आपले प्रोफाइल टाकायचे, आणि ज्याच्याकडे काम असेल त्याने ते पाहून बोलावायचे. गव्यांच्या कळपातल्या थोरल्या गव्याने जाहीर केले होते, "आम्हाला झिरे खणणारा हवा आहे. प्रोफाइल पाहून आठ दिवसांत ठरवू."

खवल्याने लगेच प्रोफाइल करायला घेतले. स्वतःबद्दल काय लिहावे ते त्याला सुचेना, म्हणून त्याने आजवर खणलेले खड्डे एकेक आठवून लिहून काढले. 'जांभळीखाली : तीन हात खोल, पाणी गोड.' 'मोठ्या वळणावर : सहा हात खोल, खाली खडक, कोरडा.' असे चौदा ओले आणि नऊ कोरडे. फोटोसाठी मोबाइल समोर धरला की खवल्या गुंडाळून जाई, म्हणून फोटो नुसत्या नखांचा टाकला. मग तो घटकेघटकेला मोबाइल उघडून बघू लागला. दिवसभरात तिघांनी प्रोफाइल पाहिले होते, त्यातली एक त्याची बायको.

"अगं, उरलेले दोघे कोण असतील?"

"मला काय ठाऊक! आधी चार वाळव्या तरी खाऊन घ्या," बायको म्हणाली.

तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना. तो उंबरावरच्या साळुंकीकडे गेला. साळुंकीला सगळ्यांच्या आवाजात बोलता येई, त्यामुळे निम्म्या जंगलाची प्रोफाइले तिनेच लिहिलेली होती. खवल्याचे प्रोफाइल वाचून तिने कपाळाला पंख लावला.

"अरे बाबा, कोरडे खड्डे कोणी असे चव्हाट्यावर मांडतं का? तू नोकरी मागतोयस की माफी?"

"पण ते खरंच कोरडे निघाले हो, साळूताई."

"निघाले ना? मग बुजवून टाक. खड्डेच तर आहेत!"

तिने यादी पुसली आणि तिथे लिहिले, 'झिरेक्षेत्रातील अग्रगण्य तज्ज्ञ. आजवर एकही खड्डा वाया नाही.' खवल्याला मागच्या दोन पायांवर उभे करून, छाती पुढे काढायला लावून फोटो काढला. संध्याकाळपर्यंत बेचाळीस लाइक आले, त्यातले चाळीस वानरांचे. खवल्याने तो फोटो मोठ्या हौसेने बायकोला दाखवला.

"हे कोण?" तिने विचारले.

"मी."

"असं होय," म्हणून ती पिल्लाला आंघोळ घालायला निघून गेली.

खरे तर आता खवल्याला हायसे वाटायला हवे होते. पण त्याला नवीच काळजी लागली. कोणी विचारले, एकही खड्डा वाया नाही म्हणजे काय, तर सांगायचे काय? मोबाइल वाजला की तो दचकून चेंडू होई, आणि मोबाइल आतल्या आत वाजत राही. तिकडे पळसाखाली फुलांचा सडा रोज वाढत होता.

सातव्या दिवशी थोरल्या गव्याचा निरोप आला. तो खणणाऱ्या सगळ्यांनाच पाठवलेला होता. 'पाच दिवसांपूर्वी कोणाच्या तरी प्रोफाइलवर नऊ कोरड्या खड्ड्यांची यादी वाचली. आता ती सापडत नाही. नाव लक्षात राहिलं नाही, फोटोत नुसती नखं होती. तुम्ही त्यांना ओळखता का? मला त्यांना भेटायचं आहे.'

'तो मीच' म्हणावे, तर आताचे प्रोफाइल खोटे ठरणार. गप्प बसावे, तर कातळ ठरलेलाच. काहीच सुचेना तेव्हा तो गुंडाळून बसला.

"आत बसून उत्तर जाणार आहे का?" बाहेरून बायकोचा आवाज आला. "ती यादी वाचताना मला तुम्ही दिसत होतात. बारा वर्षं मातीने भरलेली नखं घेऊन घरी येणारे. फोटोतल्या त्या छातीवाल्याला मी ओळखत नाही."

बऱ्याच वेळाने चेंडूतून एक नख बाहेर आले. त्याने लिहिले, 'ती यादी माझी. नोकरी मिळणार नाही या भीतीने काढून टाकली. एकही खड्डा वाया नाही, हे वाक्य खोटं आहे.' निरोप गेला आणि नख पुन्हा आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमीन हादरू लागली. थोरला गवा स्वतः चालत बिळाशी आला होता. खवल्या अर्थातच चेंडू झाला. तो उलगडेपर्यंत गवा शांतपणे उभा राहिला.

"मोठ्या वळणावरचा खड्डा तुम्ही कधी खणला होता?"

"दोन उन्हाळ्यांपूर्वी," खवल्या म्हणाला.

"गेल्या उन्हाळ्यात आमच्या खणणाऱ्याने छातीठोक सांगितलं, वळणावर पाणी लागणारच. त्याचाही एकही खड्डा वाया गेला नव्हता म्हणे. कळप घेऊन दोन दिवस चाललो. सहा हातांवर खडक लागला. परत येताना आमची दोन वासरं वाटेतच राहिली."

खवल्याला रडू कोसळले. "मला ठाऊक होतं, थोरले. पण हसतील म्हणून मी कोणाला बोललो नाही. माझीच चूक झाली."

"बोलला असतात तर फार बरं झालं असतं," गवा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचेच खवल्याला जास्त वाईट वाटले. "झिरा काय, उद्या दुसराही कोणी खणेल. पाणी कुठे नाही ते सांगणारा मला हवा आहे. उद्यापासून कामावर या. पण त्याआधी ती यादी परत लावा, आणि ते वळण सगळ्यात वर."

खवल्याने त्याच जागी बसून यादी परत लावली आणि छाती काढलेला फोटो पुसून टाकला. दुपारी साळिंदराने त्याखाली आपले चार कोरडे खड्डे लिहिले, मग मुंगसाने दोन. लाइक मात्र पाचच आले.

त्या उन्हाळ्यात एकही कळप मोठ्या वळणाकडे गेला नाही.

तात्पर्य : चारचौघांत आपली ओळख मांडताना फसलेले कामही खरेपणाने सांगावे, त्यामुळेच जमलेल्या कामावर विश्वास बसतो, आणि आपण लाजेने लपवलेली चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतत नाही.