शेवटच्या घराची हाक

विदर्भातल्या एका गावात नऊ घरांची एक ओळ होती. त्या ओळीतल्या आठव्या घरात नथ्थूजी नावाचा म्हातारा राहायचा. गावच्या शाळेत त्याने तीस वर्षं घंटा दिली होती. आता घंटा द्यायची नव्हती, कुठे वेळेवर पोचायचं नव्हतं, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं.

त्या ओळीत एक रीत होती. फार वर्षांपूर्वी, एका वैशाखात, ओळीतला एक एकटा माणूस उन्हाने घरातच गेला आणि दोन दिवस कुणाला कळलं नाही. तेव्हापासून ठरलं. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर आला की पहिल्या घराने मागच्या खिडकीतून दुसऱ्या घराला विचारायचं, "आहे का जी?" दुसऱ्याने म्हणायचं, "आहो जी!" आणि लगेच आपल्या पुढच्या घराला हाक द्यायची. अशी ती हाक एकेका खिडकीतून शेवटच्या घरापर्यंत जायची. त्या वेळी बाहेर पडणं म्हणजे भट्टीत पाय घालणं; पण आवाजाला ऊन लागत नाही. कुठून उत्तर आलं नाही, तर मात्र शेजाऱ्याने डोक्याला दुपट्टा बांधून जायचं आणि डोळ्यांनी बघून यायचं. रीत एवढीच.

शेवटचं, नववं घर गिरजाबाईचं. तीही एकटी. डोक्यावर टिनाचं छप्पर, दाराला भिजवलेलं गोणपाट. ओळ तिथे वळायची, म्हणून तिच्या घरापर्यंत दुसऱ्या कुणाचा आवाज जायचा नाही. जायचा तो फक्त नथ्थूजीच्या खिडकीतून.

नथ्थूजीची बायको पार्बता होती तोवर ही हाक तीच मारायची. "आहे का जी"ने सुरुवात व्हायची आणि बोलणं खिडकीतूनच लोणच्याच्या मिठापर्यंत जायचं. ती गेली आणि हे काम नथ्थूजीकडे आलं. त्याला लोणच्याचं काही कळत नव्हतं. तो सातव्या घरातल्या डोमाजी शिंप्याला "आहो जी" म्हणायचा, गिरजाबाईला "आहे का जी" म्हणायचा, आणि कितीतरी दिवस असे जायचे की उगवल्यापासून मावळेपर्यंत त्याच्या तोंडून निघालेले शब्द तेवढेच.

त्या वर्षी ऊन फार होतं. मागच्या उन्हाळ्यात नथ्थूजीला भोवळ आली होती, म्हणून पुण्याहून मुलगा विलास आला आणि मागच्या खोलीत एसी बसवून दिला.

"आता कूलरमध्ये पाणी भरायची कटकट नाही, बाबा. आरामात राहा."

"तू राहतोस का चार दिवस? गार आहे."

"सुट्टी कुठे आहे, बाबा?" विलास म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीने गेला.

एसी बसवणाऱ्याने जाताना बजावलं, "काका, दारं-खिडक्या घट्ट लावा. बोटभर फट राहिली तरी गारवा जातो आणि बिल चढतं."

पलीकडून डोमाजीने विचारलं, "काय नथ्थूजी, स्वेटर शिवून ठेवू का?" नथ्थूजी हसला. पहिला महिना सुखात गेला.

मग बिल आलं. नथ्थूजीने ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. अर्धी पेन्शन त्यातच जात होती. एसी बंद ठेवावा तर भोवळीची भीती. विलासला सांगावं तर जीभ रेटेना. शेवटी त्याने ठरवलं, गारवा वायाच जाऊ द्यायचा नाही. पार्बताचं एक जुनं लुगडं पेटीत होतं. त्याच्या चिंध्या करून त्याने खोलीतली एकेक फट बुजवली. दाराखालची, खिडक्यांची, वायरीच्या भोकाची.

राहिली ती दुपारची हाक. डोमाजीला उत्तर द्यायला एक खिडकी उघडायची, गिरजाबाईला विचारायला दुसरी. प्रत्येक वेळी वाफेचा लोट आत यायचा आणि एसी मोठ्याने घरघरायला लागायचा. त्या घरघरीबरोबर मीटर पळतंय असंच नथ्थूजीला वाटायचं.

एक दिवस तो डोमाजीला म्हणाला, "आपली भिंत एकच आहे. मी वरवंट्याने तीनदा ठोकतो. तेच उत्तर समजा."

"समजलो. पण जोरात ठोका, नाहीतर उंदीर समजीन."

दुसऱ्या दिवसापासून नथ्थूजी भिंतीवर ठोकू लागला. डोमाजीला वाटलं, हाक पुढे गेली. पण गिरजाबाईच्या बाजूला सामायिक भिंत नव्हती, मध्ये बोळ होता. तिला विचारायचं तर खिडकीच उघडायला हवी, आणि तिथल्या चिंध्या नथ्थूजीने कालच सुरीने दाबून दाबून बसवल्या होत्या. त्याने खिडकीकडे पाहिलं. 'धडधाकट बाई आहे,' तो मनाशी म्हणाला. 'एक दिवस नाही विचारलं तर काय होतं? उद्या विचारू.'

उद्याही तेच झालं. मग परवाही. असे आठ दिवस गेले.

खोली छान गार होती. पण चिमण्यांचा आवाज बंद झाला होता. भांडी घासल्याचा, कुणी कुणाला रागावल्याचा, सायकलवरून बर्फवाला गेल्याचा, कसलाच आवाज आत येत नव्हता. चादर पांघरून नथ्थूजी घरघर ऐकत पडून राहायचा. एका दुपारी पार्बताच्या फोटोकडे बघून तो काही बोलायला गेला आणि घशातून नुसता वारा निघाला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, चार दिवसांत तो कुणाशी एक शब्द बोललेला नव्हता. भिंत ठोकली होती, तेवढीच.

नवव्या दिवशी त्याने दुपारी वरवंटा ठोकला आणि तो आडवा झाला. थोड्या वेळाने लाइट गेली. घरघर थांबली. घर एकदम रिकामं झाल्यासारखं वाटलं.

त्या शांततेत बाहेर ओट्यावर काहीतरी खणकन पडलं आणि गडगडत गेलं.

'मांजर असेल,' नथ्थूजीला वाटलं. खोलीत अजून गारवा होता. लाइट कधी येईल कुणास ठाऊक. आता दार उघडलं की होता नव्हता तो सगळा गारवा जाणार. तो उठून बसला, पण पलंगावरच बसून राहिला. दाराखालच्या चिंधीकडे बघत राहिला.

तेवढ्यात आवाज आला. अगदी बारीक.

"आहे का जी?"

आजवर ही हाक नथ्थूजीला डोमाजीकडून यायची. पुढच्या घराकडून ती कधीच आली नव्हती. त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "आहो जी!" आवाज फाटका होता, बाहेर पोचला की नाही कोण जाणे. तो धडपडत उठला. चिंध्या ओढून काढल्या, दार लोटलं, पुढची खोली ओलांडली.

ओट्याच्या पायरीवर गिरजाबाई कलंडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ पांढरे. ऊन लागू नये म्हणून पदराच्या गाठीत कांदा बांधलेला होता. बाजूला पितळी तांब्या आडवा पडला होता आणि त्यातलं पन्हं पायरीवर सांडून सुकतही आलं होतं.

नथ्थूजीने तिच्या काखेत हात घालून तिला ओढत गार खोलीत आणलं. दुपट्टा भिजवून डोक्यावर, मानेवर ठेवला. सुपाने वारा घातला. मग डोमाजीच्या बाजूची खिडकी फाडल्यासारखी उघडली आणि शाळेची घंटा द्यायचा तसा जीव तोडून ओरडला, "डोमाजी, धावा! गिरजाबाई पडली!"

डोमाजीने सातव्या घरातून सहाव्याला हाक दिली, सहाव्याने पाचव्याला. हाक उलटी फिरत पहिल्या घरापर्यंत गेली. भर उन्हात माणसं अनवाणी धावली. कुणी ऑटो आणली, कुणी बर्फ आणला. तिला दवाखान्यात नेलं.

"अजून पाव तास गेला असता तर हाती काही लागलं नसतं," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी गिरजाबाईने डोळे उघडले. उशाशी नथ्थूजी बसला होता. तिने आधी त्यालाच विचारलं, "तब्येत बरी आहे ना, भाऊजी?"

नथ्थूजीने तिच्या ओठांना पाण्याचा पेला लावला.

"आठ दिवस हाक नाही आली तुमची," ती म्हणाली. "आधी म्हटलं झोपले असतील. मग म्हटलं पोराकडे गेले असतील. पण न सांगता कसे जाल? रोज दुपारी खिडकीशी बसत होती मी. आज राहवलं नाही. आपली रीतच आहे ना, आवाज नाही आला तर जाऊन बघायचं."

बाहेर डोमाजी उभा होता. तो नथ्थूजीला बाजूला घेऊन म्हणाला, "तुम्ही तर रोज ठोकत होते हो!"

"ठोकत होतो," नथ्थूजी म्हणाला. "माझ्यापुरतं ठोकत होतो."

डोमाजीजवळ नेहमी एखादी थट्टा तयार असायची, पण त्या दिवशी तो नुसता नथ्थूजीच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. ते जास्त लागलं.

गिरजाबाई वाचली. पण अंगात पहिली ताकद राहिली नाही. तिची भाची आली आणि तिला आपल्या गावी घेऊन गेली. जाताना ऑटोतून तिने हात हलवला. नवव्या घराला कुलूप लागलं.

नथ्थूजीने खोलीतल्या सगळ्या चिंध्या काढल्या, धुतल्या आणि घडी करून परत पेटीत ठेवल्या. माळ्यावरून पार्बताची वाळ्याची ताटी काढली, भिजवली आणि पुढच्या दाराला टांगली. एसी तो आता ऊन फार चढलं की तेवढाच, दोन तास लावतो. त्या दोन तासांत ओळीतली टिनाखालची म्हातारी माणसं त्याच्या खोलीत येऊन बसतात. सारखं कुणी येतं, कुणी जातं.

"दार उघडं राहतं, नथ्थूजी! गारवा चालला!" डोमाजी चिडवतो.

"जाऊ द्या," नथ्थूजी म्हणतो. आणि बिल तर पूर्वीपेक्षा कमीच येतं.

आता ओळीतलं शेवटचं घर त्याचंच आहे. रीतीप्रमाणे त्याने नुसतं उत्तर दिलं तरी पुरे, पुढे विचारायला कुणी उरलेलं नाही. तरी रोज दुपारी डोमाजीला "आहो जी" म्हटलं की तो दुसऱ्या खिडकीशी जातो. कुलूप लावलेल्या घराकडे तोंड करून मोठ्याने विचारतो, "आहे का जी?"

उत्तर यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ तो गजाला धरून उभा राहतो. मग आत वळतो. खिडकी तशीच उघडी असते.

तात्पर्य: आपल्यापर्यंत आलेली विचारपूस आपल्यापाशी अडवू नये. आपण सुखरूप आहोत एवढं कळवून माणसाचं काम संपत नाही. पुढच्या माणसालाही विचारावं लागतं, आणि ते वेळेवर विचारावं लागतं.