आधी थोडं उलटं

एका माळावर एक वृद्ध गुरुजी आकाशाची विद्या शिकवीत असत. वेधशाळा म्हणावी तर पत्र्याची एक खोली आणि पुढे दगडी ओटा. पण दुर्बीण उत्तम होती. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या एका शिष्येचे वडील तेलाचे व्यापारी होते. शनीवर त्यांची भक्ती होती, म्हणजे खरं तर धाक होता. मुलीची दोन स्थळं मोडली, तेव्हा तिच्या राशीला शनी बसलाय हे त्यांनी ठरवूनच टाकलं. आणि ही पोरगी रोज त्याच्याकडेच नळी रोखून बसते म्हटल्यावर तो उठणार कसा?

काल ओट्याशी येऊन, चार माणसांदेखत ते म्हणाले होते, "उद्या दिवेलागणीला येतो. तुझा तो शनी मला एकदा दाखव. नाही दिसला, तर परवापासून माळ बंद. गल्ल्यावर बसायचं."

त्या वेळी ती चंद्राचा फोटो काढण्यासाठी दुर्बिणीच्या शेपटाला कॅमेऱ्याची कडी बसवत होती. वडील बोलत राहिले आणि ती कडी पिळत राहिली.

आज ती कडी निघेना. ती निघाल्याशिवाय डोळ्याचं भिंग बसणार नव्हतं, आणि भिंगाशिवाय शनी कसला दिसतोय. तिनं रुमाल गुंडाळून पाहिलं. मग पक्कड आणली. पकडीनं कडीवर ओरखडे काढले, पण कडी तसूभरही हलली नाही. सूर्य माळाला टेकला होता.

"हे सगळं अण्णांमुळे झालं," ती वडिलांच्या नावानं दात आवळून म्हणाली.

"कडी अण्णांनी पिळली का?" गुरुजींनी विचारलं.

"पिळायला लावली."

"म्हणजे हात तुझे आणि दोष त्यांचा. बरी वाटणी आहे."

तिनं पक्कड ओट्यावर आपटली. गुरुजींनी ती उचलून लांब ठेवली. मग पायातली रबरी चप्पल काढली, तिचा तळ धोतराला पुसला, ती ओट्यावर उलटी ठेवली आणि दुर्बिणीची नळी उतरवून तिचं शेपूट त्या चपलेवर टेकवलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गुरुजी, पुस्तकाला पाय लागला तरी आम्ही नमस्कार करतो. आणि तुम्ही दुर्बिणीखाली चप्पल घालता?"

"नमस्कार नंतर कर. आधी वरून नीट दाब आणि नळी फिरव. कडीला हात लावू नकोस."

तिनं रागारागातच दाबलं. फिरवलं. जरा कुरकुर झाली आणि नळी सुटून तिच्या हातात आली. कडी चपलेवर निवांत पडून राहिली.

गुरुजी म्हणाले, "कडी पातळ आहे पोरी, आणि पकडीला जबडे दोनच. दोन बाजूंनी आवळलीस की गोल कडी लांबट होते आणि आतल्या आट्यांना जास्तच चावते. तुला वाटतं मी सोडवतेय. ती मात्र आणखी धरून बसते. चपलेनं तिला आवळलंच नाही, सगळीकडून सारखं धरलं. आणि पुन्हा अडकू नये म्हणून एक सांगतो. बसवताना आधी थोडं उलटं फिरव. आट्याला आटा सापडला की बारीकसं टक् होतं. मग सुलटं. टेकली की थांब. घट्ट बसवणं निराळं आणि राग काढणं निराळं."

"हे कडीबद्दलच चाललंय ना?" तिनं संशयानं विचारलं.

"माझ्याकडे दुसरं आहे काय? एक दुर्बीण आणि एक चप्पल."

तिनं दुर्बीण चढवली. भिंगाची काटकोनी नळी आधी थोडी उलटी फिरवली. टक्. मग सुलटी. राग काही गेला नव्हता. हात तेवढे हळू झाले होते.

दिवेलागणीला वडील आले. ओट्यावर नजर जाताच थबकले. "चप्पल उलटी? भांडणं होतात अशानं."

"व्हायची ती होऊन गेली," गुरुजी म्हणाले.

वडील दुर्बिणीपासून लांबच उभे राहिले. तिच्या जिभेवर कालपासून एक वाक्य धार लावून तयार होतं: या, बघा, कोण कुणाच्या राशीला बसलंय ते. तिनं ते गिळलं. म्हणाली, "अण्णा, शनिमहाराजांच्या नजरेसमोर उभं राहायचं नाही, दर्शन बाजूनं घ्यायचं, असं तुम्ही म्हणता ना? मग बाजूनंच या. यातलं भिंग बाजूलाच आहे."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. टोपी काढली, बाजूनं आले आणि वाकले. भिंगाला डोळा लावला.

"याला कडी आहे गं."

"आहे."

"घट्ट बसवलीय?"

"नाही अण्णा. कुठंच टेकलेली नाही. तरी सुटत नाही."

वडिलांनी पुन्हा भिंगाला डोळा लावला. गल्ल्याची गोष्ट त्या संध्याकाळी कुणी काढली नाही. निघताना मात्र ते ओट्याशी थांबले, वाकले, आणि गुरुजींची ती उलटी चप्पल स्वतःच्या हातानं सुलटी करून ठेवली.