सटवाजीचं पथ्य

एका गावात एक भोळा होडीवाला होता. नाव सटवाजी. दंड कळशीएवढे, छाती दाराएवढी. डोक्यात मात्र एका वेळी एकच गोष्ट मावायची. ती आत गेली की दार बंद.

गावाला लागून नदी. बारा महिने पाणी, पूल नाही, उतार नाही. होडी एकच, सटवाजीची. पलीकडं जायचं तर त्याच्याच होडीतून.

एके वर्षी सटवाजीला नवाच त्रास सुरू झाला. जेवण झालं की अंगावर पित्त उठायचं. बोराएवढे लाल चट्टे, आणि खाज अशी की विचारू नका. खाजवायला दोन्ही हात लागायचे. वल्ह्यालाही दोन्ही हात लागायचे. खाज आली की सटवाजी वल्हं सोडायचा आणि होडी जागच्या जागी गरगरायची. एकदा सासरी निघालेली एक मुलगी चार गरके खाऊन माहेरच्याच काठाला उतरली. तिला त्याचं काही वाईट वाटलं नाही. पण सोबतचा जावई फार बोलला.

सटवाजीची बायको गोजरा शहाणी होती. ती म्हणाली, "अहो, नारोपंत वैद्यांकडं जा. असंच चाललं तर तुमच्या होडीत कुणी पाय ठेवायचं नाही. दुसरा कुणीतरी होडी आणील, मग आपण काय करायचं?"

सटवाजी गेला. नारोपंतांनी नाडी बघितली, जीभ बघितली, चट्टे बघितले.

"तुझ्या खाण्यातलं काहीतरी तुला बाधतंय," ते म्हणाले. "कुठलं ते शोधून काढू. तोवर गहू, दूध, शेंगदाणे, वांगी आणि मासे, सगळं सोडायचं."

"कधी सोडू?"

"आजच. घरी गेल्या गेल्या."

सटवाजी घरी गेला. गव्हाचं पोतं उचललं, होडीत टाकलं. शेंगदाण्यांचा डबा घेतला, वांग्यांची पाटी घेतली, दुधाची चरवी घेतली. होडी मधोमध नेली आणि एकेक वस्तू नदीत सोडली. मासे घरात नव्हते. पण शेजारच्या हरबाच्या टोपलीत सकाळचे ताजे मासे वळवळत होते. तेही सोडले. मासे गेले. हरबा राहिला. तो काठावरून शिव्या देत होता.

संध्याकाळी गोजरानं डबा उघडला, पोत्याची जागा बघितली.

"अहो, गहू कुठं गेले?"

"सोडले."

"कुठं सोडले?"

"नदीत. वैद्यबुवांनीच सांगितलं."

गोजरानं कपाळाला हात लावला. मग शांतपणे म्हणाली, "सोडायचं म्हणजे टाकायचं नाही हो. वस्तू जवळ असू द्यायची. फक्त तोंडाला लावायची नाही."

"असं होय! मग आधी सांगायचं," सटवाजी म्हणाला. "आता चुकायचो नाही."

दोन दिवसांनी सटवाजी परत वैद्यांकडं गेला. काय खायचं नाही ते कळलं होतं. काय खायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून तो दोन दिवस पाणी पिऊन होता. वल्हंही उचलेना.

"अरे, उपाशी राहायला कुणी सांगितलं?" नारोपंत म्हणाले. "पथ्य म्हणजे उपास नव्हे. वल्हं मारणाऱ्याचं बळ तर आधी जातं. ज्वारीची भाकरी आहे, मुगाची डाळ आहे, भोपळा आहे, भात आहे. घरातून निघताना दोन भाकऱ्या घेऊन नीघ. पोटाला सारखा आधार पाहिजे."

सटवाजीनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी गोजरानं दोन भाकऱ्या दिल्या. सटवाजीला तिचं बोलणं आठवलं. जवळ असू द्यायची, तोंडाला लावायची नाही. त्यानं एक भाकरी पोटावर ठेवली, दुसरी पाठीवर, आणि वरून उपरणं घट्ट आवळलं. पोटाला आधार चांगला बसला.

होडीत सात माणसं आणि एक शेळी होती. नदीच्या मध्यावर सटवाजीच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तो वल्ह्यावरच कलंडला. होडी वाहत वाहत खालच्या गावाच्या घाटाला लागली. सटवाजी शुद्धीवर आला तेव्हा पाठीवरची भाकरी शेळीनं खाल्ली होती. पोटावरची खायला ती पुढं सरकत होती.

खालच्या गावचे लोक त्याला उचलून नारोपंतांकडं घेऊन आले. नारोपंतांनी उपरणं सोडलं. भाकरी खाली पडली.

"हे काय?"

"पोटाला आधार."

नारोपंत म्हणाले, "सटवाजी, पोटाच्या आत. समजलं? मी जे देईन, जे सांगेन, ते अंगाच्या बाहेर नाही लावायचं. तोंडातून आत घालायचं."

"असं होय! मग आधी सांगायचं. आता चुकायचो नाही."

त्याच वेळी नारोपंतांनी खाजेसाठी कडुलिंबाचा पाला आणि हळद वाटून वाडगाभर लेप दिला. "रोज रात्री झोपताना घे," म्हणाले.

सटवाजीनं घेतला. अर्धा वाडगा. गोजरा पाणी आणेपर्यंत उरलेला अर्धाही घेतला. मग अंगणात जाऊन बसला आणि नुसता रडला. तोंड इतकं कडू झालं की तीन दिवस स्वतःची थुंकीही गिळवेना.

चौथ्या दिवशी नारोपंत स्वतःच घरी आले. गोजरानं त्यांना रिकामा वाडगा दाखवला.

"अरे, लेप खातात का?"

"आत घालायचं म्हणाला होतात."

"ते भाकरीचं म्हणालो होतो!" नारोपंतांचा आवाज चढला. मग त्यांना त्याच्या तोंडाकडं बघून दया आली. "हे बघ, आजपासून विचारल्याशिवाय काही तोंडात टाकायचं नाही. एकेका घासाला विचारायचं, यात काय काय आहे. कळलं की मगच खायचं."

"असं होय! मग आधी सांगायचं."

गोजरानं दुपारी भाकरी आणि मुगाची आमटी वाढली आणि ती विहिरीवर गेली. सटवाजीनं पहिला घास मोडला. तोंडासमोर धरला.

"का रे घासा, तुझ्यात काय काय आहे?"

घास काही बोलला नाही. लाजत असेल, असं सटवाजीला वाटलं. तो खाली ठेवून त्यानं दुसरा घेतला. दुसराही गप्प. सटवाजीनं आवाज मऊ केला. मग जरा चढवला. हरबा कुंपणावरून बघत होता. त्याला वाटलं, सटवाजी कुणाशी तरी भांडतोय. घरात दुसरं कुणीच नव्हतं.

गोजरा घागर घेऊन परतली तेव्हा ताटाभोवती बावीस घास ओळीनं मांडलेले होते आणि सटवाजी तेविसाव्याला हात जोडत होता.

गोजराला आधी हसू आलं. मग त्याची बसलेली गालफडं बघून रडू आलं. ती समोर बसली.

"घासाला नाही विचारायचं. रांधणारीला विचारायचं."

"तुला?"

"मला."

"यात काय आहे?"

"ज्वारी, मूग, मीठ आणि जिरं. खा."

सटवाजीनं बावीस घास खाल्ले, तेविसावा खाल्ला आणि वर दोन भाकऱ्या मागून घेतल्या.

तिथून मात्र गाडी रुळावर आली. सकाळी भाकरी, दुपारी भात-वरण, मधल्या वेळी होडीतच गूळ-तिळाचा लाडू, रात्री भोपळ्याची भाजी. सटवाजी दर घासाला विचारायचा, गोजरा दर घासाला सांगायची. तिचा घसा बसला, पण सटवाजीचं पोट भरलं. अंगात ताकद आली. वल्हं असं चालू लागलं की होडीतल्या म्हाताऱ्या काठ घट्ट धरून बसायच्या. तीन आठवड्यांत अंगावर एक चट्टा राहिला नाही.

नारोपंतांनी त्याला बोलावलं. दोन्ही खांदे धरून समोर बसवलं आणि एकेक शब्द सावकाश उच्चारला.

"आता सोडलेल्या वस्तू परत आत घ्यायच्या. पण सगळ्या एकदम नाही. आज एक घ्यायची. मग तीन दिवस थांबायचं. अंगावर काही उठतं का बघायचं. उठलं, तर ती वस्तू कायमची बंद. नाही उठलं, तर दुसरी घ्यायची. घाई केलीस तर काय बाधलं ते कधीच कळायचं नाही. म्हणून दाखव."

सटवाजीनं घडाघडा म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. नारोपंतांना स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

आणि सटवाजीनं केलंही तसंच. गहू घेतला, तीन दिवस थांबला, काही नाही. दूध घेतलं, काही नाही. शेंगदाणे, काही नाही. मासे, काही नाही. वांग्याचं भरीत खाल्लं आणि तासाभरात मानेपासून पोटरीपर्यंत चट्टे उठले.

"वांगं!" सटवाजी ओरडला. "गोजरा, सापडलं! वांगं आहे!"

गोजरानं त्याची दृष्ट काढली. नारोपंतांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! ही रीत पक्की लक्षात ठेव. कुठलीही नवी वस्तू आत घ्यायची झाली तरी हीच रीत."

"आता चुकायचो नाही," सटवाजी म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात वामन कासाराच्या मुलीचं लग्न होतं. मार्गशीर्षाचा महिना, दुपारचा मुहूर्त. वऱ्हाड पलीकडच्या काठाला येऊन थांबणार होतं. सकाळीच वामनराव होडीपाशी आले.

"सटवाजी, पाहुण्यांना गावात घ्यायचंय. तुझ्यावर सगळी भिस्त आहे."

"नवे आहेत का?" सटवाजीनं विचारलं.

"नवेच. सोयरीकच नवी. एकजणही या गावात आलेला नाही."

"किती?"

"चाळीस."

सटवाजी गंभीर झाला. "काळजी करू नका," म्हणाला. "रीत मला ठाऊक आहे."

पलीकडच्या काठावर वऱ्हाड दाटीवाटीनं उभं होतं. ताशा वाजत होता. नवरदेव मुंडावळ्या सावरत होता. गर्दी सारत नवरदेवाची आत्या पुढं आली आणि होडीत बसली. तिनं पदर नीट करेपर्यंत होडी काठापासून दूर गेली होती.

"अरे, आम्ही राहिलो!" वऱ्हाडी ओरडले.

"आज एकच," सटवाजी म्हणाला.

अलीकडं आत्याबाई उतरल्या. सटवाजीनं होडी खुंट्याला बांधली, वल्हं आडवं ठेवलं आणि सावलीत बसला. आत्याबाईंनी वामनरावांना फैलावर घेतलं. एकच होडी का, काठावर सरबत का नाही, हाच का मानपान. वामनराव हात जोडून उभे होते. तिकडून नवरदेव उपरणं हलवत होता. भटजी मांडवातून धावत आले.

"सटवाजी, अरे ऊठ! मुहूर्त टळतोय! बाकीच्यांना आण!" वामनराव किंचाळले.

सटवाजी उठला. पण होडीकडं गेला नाही. वामनरावांच्या जवळ आला आणि त्यांना निरखून बघू लागला. वामनरावांचे कान लाल झाले होते. मान लाल झाली होती. गालांवर संतापाचे चट्टे उठले होते.

"उठलं!" सटवाजी म्हणाला. "तासाभरातच उठलं."

त्यानं आत्याबाईंना दंडाला धरून अदबीनं होडीत बसवलं आणि दोर सोडला.

"घाबरू नका, वामनराव. काय बाधतंय ते सापडलं. आत्याबाई कायमच्या बंद. ह्यांना पोचवतो आणि येताना दुसरा कुणीतरी आणतो. मग तीन दिवस बघू. काही उठलं नाही, तर तिसरा."

होडी झपाझप निघाली. सटवाजीच्या अंगात ताकद भरपूर होती.

काठावर भटजींनी बोटं मोजली. चाळीस माणसं, एकेकाला तीन दिवस. त्यांनी झोळीतून पंचांग काढलं, खाली बसले आणि वैशाखातला मुहूर्त शोधायला लागले.